ताळ्याचा अंक

आमच्या रविवारच्या वर्गात नवीन मूल आलं की मी त्याच्यापुढे नऊ पत्ते मांडते. किलवर बाजूला ठेवायचं. उरलेल्या तीन रंगांचे राजा, राणी, गुलाम घ्यायचे. वरच्या ओळीत इस्पिकचा राजा, बदामची राणी, चौकटचा गुलाम. मधल्या ओळीत बदामचा गुलाम, चौकटचा राजा, इस्पिकची राणी. खाली चौकटची राणी, इस्पिकचा गुलाम, बदामचा राजा. मग सांगते, यातला एक पत्ता मनात धर आणि मला चार गोष्टी सांग: आडवी ओळ कितवी, उभी ओळ कितवी, रंग कोणता, चित्र कोणतं. पण चारांतली एक गोष्ट खोटी सांगायची. कोणती, ते तुझं तू ठरव.

मूल जरा विचार करून म्हणतं, "पहिली आडवी, दुसरी उभी, इस्पिक, गुलाम." पहिल्या आडव्या ओळीत दुसरी आहे बदामची राणी. तिला ना इस्पिक लागू, ना गुलाम. म्हणजे तिथे दोन थापा होतात, आणि परवानगी एकीचीच. इस्पिकचा गुलाम बघितला तर तो खालच्या ओळीत मधोमध आहे. उभी ओळ बरोबर, रंग बरोबर, चित्र बरोबर, फक्त आडवी ओळ खोटी. पत्ता सापडला आणि थापही सापडली. मुलाला ही जादू वाटते. तीन-चार वेळा झाल्यावर ते पत्त्यांकडे टक लावून बघायला लागतं आणि मग मी त्याच्या जागी बसते.

नाशिकरोडच्या एका शाळेत मी गणित शिकवत होते. निवृत्तीच्या थोडं आधीपासून देवळाली कॅम्पात, लॅम रोडजवळच्या आमच्या घरी हा वर्ग भरतो. तोफखान्याच्या स्कूलमध्ये बदलीवर आलेल्या जवानांची मुलं येतात, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये कामाला असणाऱ्यांची येतात, भगूर, संसरी, विहितगावची येतात. फी नाही, परीक्षा नाही. सुरुवातीला पालकांना पत्ते मुळीच रुचले नाहीत. "बाई, पोराला गणिताला पाठवलंय, पत्ते कुटायला नाही," असं एका वडिलांनी दारातच सुनावलं. त्यांना मी आत बसवलं आणि त्यांच्याच मुलाने त्यांची थाप पकडून दाखवली. ते तासभर बसले.

या खेळामागच्या शास्त्राला कोडिंग थिअरी म्हणतात. संदेश पाठवताना वाटेत काहीतरी बिघडणार हे गृहीत धरायचं आणि तरीही पलीकडच्याला मूळ संदेश कळेल अशी तजवीज आधीच करून ठेवायची, एवढंच तिचं काम. नऊ पत्ते ओळखायला खरं तर दोनच गोष्टी पुरतात, आडवी ओळ आणि उभी ओळ. बाकीच्या दोन जादा आहेत. त्या जादा गोष्टी अशा बेताने निवडल्यात की कुठल्याही दोन पत्त्यांच्या वर्णनात चारांपैकी किमान तीन बाबतींत फरक पडतो. एक थाप मारली तरी खऱ्या पत्त्यापासून आपण एकच पाऊल दूर असतो आणि दुसऱ्या कुठल्याही पत्त्यापासून किमान दोन पावलं. म्हणून सापडतं. आणखी एक गंमत मोठ्या मुलांकडून मी मोजून घेते. चार प्रश्नांना प्रत्येकी तीन उत्तरं, म्हणजे एकूण ८१ उत्तरपत्रिका. प्रत्येक पत्त्याची एक खरी आणि आठ एका थापेच्या, अशा नऊ. नऊ नव्वे ८१. एकही उत्तरपत्रिका शिल्लक राहत नाही, एकही दोन पत्त्यांच्या वाट्याला जात नाही. मुलं हा गुणाकार करून बघतात तेव्हा वर्गात जो क्षणभर आनंद पसरतो, त्यासाठी मी इतकी वर्षं हा वर्ग चालवला.

हे सगळं देवळालीत करताना एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १७ जानेवारी १९०५ला डहाणूला जन्म, फर्ग्युसनमध्ये शिक्षण, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीत शाळामास्तर. संख्यांशी खेळणं हाच त्यांचा आयुष्यभराचा ध्यास. पदरचे पैसे घालून त्यांनी पुस्तिका छापल्या. त्या काळच्या बऱ्याच गणितज्ञांना हे काम क्षुल्लक वाटत होतं. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा जगाला हे नाव कळलं. आज जगभर ६१७४ला कापरेकर स्थिरांक म्हणतात, आणि ज्या संख्यांना त्यांनी स्वयंभू म्हटलं त्यांचं दुसरं नाव देवळाली संख्या असं आहे. आपल्या गावाचं नाव संख्येला आहे हे इथल्या निम्म्याअधिक मुलांना ठाऊक नसतं. मला हे फार लागतं. पहिल्याच महिन्यात ते ठाऊक होईल याची मी काळजी घेते.

६१७४ची कृती सगळ्यांना करायला मिळते. चार आकडी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतलं तर ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. त्यानंतर ते तिथेच थांबतं. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या तिथे येते.

एकदा वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "पण मग कोणी कुठून सुरुवात केली होती ते कसं कळणार?" नाहीच कळणार. पहिल्याच पायरीत अंकांचा क्रम पुसला जातो. ३५२४ आणि ४२५३ यांची वाट एकच होते. कोडिंगमध्ये वेगवेगळे संदेश एकमेकांपासून शक्य तितके लांब ठेवायचे असतात. कापरेकरांच्या कृतीत सगळे एकाच घरी येतात. त्या प्रश्नानंतर मी दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी शिकवायला लागले, कारण क्रम विसरणारं गणित समोर असल्याशिवाय क्रम लक्षात ठेवणाऱ्या गणिताची किंमत मुलांना कळत नाही.

क्रम विसरणारी आणखी एक रीत म्हणजे नवांचा ताळा. तो जुन्या शाळांत शिकवत. गुणाकार बरोबर आला का हे अंकांची बेरीज करून पडताळायचं. पण ५४ऐवजी ४५ लिहिलं तर हा ताळा गप्प बसतो, बेरीज तीच. आकडे उतरवून घेताना माणसाच्या हातून होणाऱ्या चुकांत एखादा अंक चुकणं सर्वात जास्त आणि त्याखालोखाल शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल. म्हणून पासपोर्टवर, मालगाडीच्या वाघिणीवर, पुस्तकावर, आधारवर ताळ्याचा अंक जोडलेला असतो. प्रत्येकाची रीत निराळी. या रीती आम्ही वर्गात एकेक करून उघडल्या.

पासपोर्ट आमच्या घरचाच विषय. नाशिकरोडची इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ पासूनची, देशाचे पासपोर्ट तिथे छापले जातात. पासपोर्टच्या माहितीच्या पानावर तळाशी दोन ओळी असतात, यंत्राने वाचायच्या. दुसऱ्या ओळीत जन्मतारीख असते, साल-महिना-दिवस अशी सहा आकडी, आणि तिच्यामागे ताळ्याचा अंक. पहिल्या अंकाला ७ने गुणा, दुसऱ्याला ३ने, तिसऱ्याला १ने, पुन्हा ७, ३, १. बेरजेचा एकंस्थानचा अंक म्हणजे ताळा. जगभर हीच रीत.

कुणाच्या घरचा पासपोर्ट वर्गात आणायचा नाही हा नियम. मग कुणाची तारीख घ्यायची? कापरेकरांची. ०५०११७. पाच त्रिक पंधरा, एक सत्ते सात, एक त्रिक तीन, सात एके सात. बेरीज ३२, ताळा २. आता शेजारचे अंक मुद्दाम उलटेपालटे करून ताळा पकडतो का बघा, असं मी सांगितलं आणि चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तर फळ्याजवळ गर्दी. एका मुलाने ०५चे ५० केले होते. ५००११७. पाच साते पस्तीस, मग सात, तीन, सात. बेरीज ५२. ताळा पुन्हा २! १९०५ साली जन्मलेला माणूस १९५०चा झाला आणि ताळ्याला पत्ता नाही. शेवटी ओळीतल्या बऱ्याच भागाचा मिळून एक ताळा असतो, पण तोही ७-३-१चाच, त्यामुळे तोही हे सोडून देतो.

ही तारीख मी निवडली तेव्हा मला त्याची कल्पना नव्हती. त्या दिवशी पुढचे दोन तास आम्ही कारण शोधण्यात घालवले. ७, ३, १ यांच्यातले फरक ४, २, ६. सगळे सम. शेजारच्या अंकांत बरोबर ५चा फरक असेल तर सम गुणिले पाच म्हणजे दहाची पट, आणि दहाची पट एकंस्थानी दिसत नाही. दहाला दोनने आणि पाचने भाग जातो, त्या दोघांनी मिळून चूक लपवली. मुलांनी हा "पाचाचा चोर" ठरवला. पुढे कुठलाही ताळा दिसला की पहिला प्रश्न ठरलेला: यात पाचाचा चोर सुटतो का?

वाघिणींत सुटतो. देवळाली स्टेशनात मालगाडी थांबली की वाघिणीच्या अंगावरचा ११ आकडी क्रमांक आरामात वाचता येतो. पहिले दोन अंक प्रकार, पुढचे दोन मालकी कुठल्या रेल्वेची, मग बांधणीचं साल, मग तिचा स्वतःचा चार आकडी नंबर, आणि अकरावा ताळा. सम जागांवरच्या अंकांची बेरीज करून तिप्पट करायची, त्यात विषम जागांची बेरीज मिळवायची, आणि पुढच्या दशकाला जेवढे कमी पडतात तो ताळा. समजा क्रमांक ३११००८४५१० असा आहे. सम जागांची बेरीज १४, तिची तिप्पट ४२, विषम जागांचे ९, झाले ५१. साठला नऊ कमी, म्हणून अकरावा अंक ९. गाडी निघाली की मुलं दहा अंक ओरडत आणि अकरावा दिसायच्या आत सांगायची शर्यत लावत. फलाटावरचे हमाल कौतुकाने बघत राहत. चालत्या वाघिणीवरचा ताळा तोंडी काढणाऱ्या मुलाला गणिताची भीती उरत नाही, हे मी खात्रीने सांगते.

या चोराला पकडण्याचे दोन मार्ग. एक म्हणजे दहा सोडून अकराने भागायचं. अकरा मूळ संख्या, तिला दोन-पाचांची भानगड नाही. जुन्या पुस्तकांचा दहा आकडी आयएसबीएन असा होता; बाकी दहा आली तर शेवटी इंग्रजी एक्स छापत. २००७ पासून तेरा आकडी आला आणि चोर पुन्हा सुटला. दुसरा मार्ग डच गणितज्ञ याकोबुस व्हेरहूफचा, १९६९चा. आधारचा बारावा अंक त्याच्या रीतीने काढतात. पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिले गेले. व्हेरहूफने बेरीजच बदलली. पुठ्ठ्याचा पंचकोन कापा, कोपऱ्यांना दोन्ही बाजूंनी नंबर द्या. त्याला जागच्या जागी ठेवण्याच्या दहा तऱ्हा: पाच फिरवण्याच्या, पाच उलटण्याच्या. एक घर फिरवून मग उलटला तर कोपरे एका जागी जातात, आधी उलटून मग फिरवला तर दुसऱ्या. क्रमाने फरक पडतो. दहा अंकांना या दहा हालचाली वाटून दिल्या आणि वर अंकांची जागा बघून थोडी अदलाबदल केली की शेजारच्या अंकांची कुठलीही आलटापालट पकडली जाते. आमच्याकडे असे पंचकोन ढीगभर पडलेत, तेलकट बोटांचे ठसे उमटलेले.

ताळा चूक झाल्याचं सांगतो, पण कुठे झाली हे सांगत नाही. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये रिचर्ड हॅमिंगला याचाच वैताग आला. शनिवार-रविवारी यंत्रावर काम लावून जायचा, चूक आढळली की यंत्र ते काम सोडून पुढच्याला लागायचं. चूक ओळखता येते तर दुरुस्त का करता येऊ नये, या हट्टातून त्याची १९५०ची कोडं आली: चार अंकी माहितीला तीन जादा अंक, आणि एक चूक आपोआप दुरुस्त. त्याआधीच, १९४७ मध्ये, फिनलंडमधल्या फुटबॉलच्या पैजांच्या एका नियतकालिकात युहानी विर्ताकाल्लिओ नावाच्या पैजा खेळणाऱ्याने ११ सामन्यांसाठी ७२९ तिकिटांची अशी यादी छापली होती की निकाल काहीही लागो, एका तरी तिकिटावर किमान नऊ अंदाज बरोबर येणारच. पुढे मार्सेल गोले या शास्त्रज्ञाने स्वतंत्रपणे शोधलेलं प्रसिद्ध कोड ते हेच. खेळणाऱ्याला ते आधी सापडलं होतं. कापरेकरांच्या गावात बसून ही गोष्ट सांगताना माझा आवाज थोडा चढतो.

आणि मराठी घरातलं एक नाव. शरदचंद्र श्रीखंडे. जन्म १९१७, सागरचा, शिक्षण नागपूरला, पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख. सहा रेजिमेंटचे सहा हुद्द्यांचे ३६ अधिकारी चौकोनात असे उभे करा की कुठल्याही ओळीत रेजिमेंट किंवा हुद्दा पुन्हा येणार नाही: ऑयलरचं हे कोडं. सहासाठी ते सुटत नाही. ऑयलरला वाटलं दहासाठी, चौदासाठीही सुटणार नाही. १९५९ मध्ये राजचंद्र बोस, श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी ते खोटं ठरवलं. त्याच वर्षी बोस आणि श्रीखंडे यांनी कोड-रचनेवर लेख लिहिला, आणि पुढच्या वर्षी बोस व त्यांचे विद्यार्थी राय-चौधरी यांची कोडं आली. बोसांच्या नावाचं पहिलं अक्षर या कोडांच्या बीसीएच या नावात आजही टिकून आहे. माझे नऊ पत्ते हे ऑयलरचं तिनाचं कोडं आहे. छावणीतल्या मुलांना रेजिमेंट आणि हुद्दे शिकवावे लागत नाहीत. पाच बाय पाचचं कोडं ती पाटीवर चुटकीसरशी सोडवतात आणि सहावर अडकून बसतात, जिथे अडकायलाच हवं.

या सगळ्यात एका मुलाची आठवण येते. तो बोलायचाच नाही. वहीत काही लिहिलं की लगेच खोडायचा, पान फाटेपर्यंत. कुठल्याशा शाळेत चुकीबद्दल फार मार खाल्लेला. आमच्या खेळात थाप मारणं हा नियमच होता, चूक केल्याशिवाय डावच सुरू होत नव्हता. तो आठवड्यांमागून आठवडे पत्ते मांडत राहिला. एके दिवशी त्याने फळ्यावर गणित केलं, चुकलं, आणि त्याने खोडलं नाही. शेजारी बेरीज लिहून कुठे चुकलं ते स्वतः दाखवलं. मी वर्गात बरंच काही शिकवलं असेल, पण चूक होणारच असं मानून पुढे चालणारं गणित मुलाच्या मनावर असं काम करतं, हे मला त्या मुलाने शिकवलं. तेव्हापासून मी शाळेतल्या वह्या तपासण्याकडेही निराळ्या नजरेने बघते. लाल फुली मारून पुढे जाणं म्हणजे ताळा. चूक कुठे झाली हे मुलालाच शोधता येईल इतकी जागा ठेवणं हे हॅमिंगचं काम.

वर्गाला खरं वळण मिळालं ते भाजीच्या गाड्यावर. पैसे द्यायचा क्यूआर कोड ऊन-पावसाने ठिकठिकाणी फाटलेला, तरी फोनने तो वाचला. मुलांनी दुसऱ्या दिवशी छापील कोडावर बोटं ठेवून प्रयोग केले. क्यूआरमध्ये रीड-सॉलोमन कोड असतं. सगळ्यात भक्कम पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी चालतो, फक्त कोपऱ्यातले तीन मोठे चौकोन झाकायचे नाहीत. सगळे खूश. तेवढ्यात एकाने विचारलं, "बाई, कोणी त्याच्यावर स्वतःचाच कोड चिकटवला तर?"

तर फोन मुकाट्याने चोराला पैसे देईल. चिकटवलेला कोड निर्दोष असेल, त्यातली एक न एक खूण बरोबर असेल. चूक आणि लबाडी यांत हा फरक आहे, आणि तो मी त्याआधी स्वतंत्र कधी मांडला नव्हता. ताळ्याची रीत सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून ती पावसाविरुद्ध चालते, लुच्च्याविरुद्ध नाही. लुच्चाही ताळा काढू शकतो. तिथे क्रिप्टोग्राफी लागते: ताळा असा हवा की तो तपासणं सगळ्यांना जमेल, पण काढणं एकालाच. डिजिटल सही ती हीच. आधारच्या क्यूआरवर अशी सही असते, चिपवाल्या ई-पासपोर्टच्या चिपमध्येही असते.

सही करण्यापूर्वी मजकुराचा छोटा गोषवारा काढतात. दोन वेगळ्या मजकुरांचा गोषवारा एकच आला तर सही एकाची दुसऱ्याला चिकटवता येते. हे समजवायला मला पुन्हा कापरेकरच उपयोगी पडले. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. ९१ अधिक १० म्हणजे १०१. १०० अधिक १ म्हणजेही १०१. दोन वाटा एका ठिकाणी मिळतात. अशा संख्यांना त्यांनी जंक्शन म्हटलं. आणि २०, ३१, ४२ अशा संख्यांवर एकही वाट येत नाही, त्या स्वयंभू, म्हणजे देवळाली संख्या. गोषवाऱ्याच्या रीतीत जंक्शन सापडणं अशक्यप्राय असावं लागतं. कापरेकरांच्या रीतीत ते लहान मुलालाही सापडतं, म्हणून शिकवायला ती फार चांगली.

मग नऊ पत्त्यांकडे एका मुलीने मला परत नेलं. विहितगावची, नववीतली. तिने थाप वगैरे काढून टाकली. ती म्हणाली, आडवी ओळ हे गुपित समजा. उभी ओळ एकीला सांगा, रंग दुसरीला, चित्र तिसरीला. एकटीला आडव्या ओळीबद्दल काहीच कळत नाही. उभी ओळ माहीत असून तिन्ही आडव्या ओळी सारख्याच शक्य. पण कुठल्याही दोघी एकत्र आल्या की पत्ता सापडतो आणि गुपित उघडं पडतं. तिने हे स्वतःहून शोधलं होतं. अदी शमीर यांनी १९७९ मध्ये गुपित वाटून ठेवण्याची जी रीत मांडली तिचा हा एक लहानसा नमुना, आणि ती रीत म्हणजे क्यूआरमधलं रीड-सॉलोमन कोडच आहे हे १९८१ मध्ये रॉबर्ट मॅकएलिस आणि दिलीप सरवटे यांनी दाखवून दिलं. सरवटे हे आडनाव ऐकून वर्गातल्या मराठी मुलांचे चेहरे उजळले.

त्याच मॅकएलिसने १९७८ मध्ये चूकच कुलूप म्हणून वापरली. संदेशाचं कोड करायचं आणि त्यात मुद्दाम चुका घालून पाठवायचं. ज्याच्याकडे कोडाची आतली रचना आहे तो चुका काढून टाकतो. बाकीच्यांना तो नुसता कचरा. चावी फार मोठी, म्हणून ही रीत कित्येक वर्षं मागे पडली. आता क्वांटम संगणकापुढे टिकणारी कुलपं शोधताना जग पुन्हा तिच्या घराण्याकडे वळलंय. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने मार्च २०२५ मध्ये एचक्यूसी नावाची कोडांवरची रीत निवडली. चुका सोसायची ताकद आणि गुपित राखायची ताकद एकाच जागेतून येते, मोजून ठेवलेल्या जादा अंकांतून. इतकी वर्षं दोन्ही शिकवून माझी ही खात्री झाली आहे, आणि शाळेच्या पुस्तकांत याला अजून जागा नाही याचं मला दुःख आहे. नववी-दहावीला बरीच मुलं शिकवण्या लागल्या म्हणून वर्ग सोडतात. त्यांना मी अडवत नाही, पण नेमकी तेव्हाच ती या दारापर्यंत आलेली असतात.

वर्गाच्या पुस्तकांच्या कपाटाला नंबरचं कुलूप आहे. त्याचा नंबर आता कुणा एकाला ठाऊक नसतो. विहितगावच्या मुलीची रीत आम्ही प्रत्येक अंकाला लावली. समजा अंक ४. मनातला दुसरा अंक ३ घ्यायचा, चारात तो एकदा, दोनदा, तीनदा मिळवायचा आणि अकराने भागून बाकी ठेवायची: ७, १०, २. तिघांना एकेक बाकी, तिन्ही जणू एकाच रेषेवरचे ठिपके. दहाने भागून चालत नाही हे मुलांनीच शोधलं. दहाने बाक्या येतात ७, ०, ३; पहिला आणि तिसरा एकत्र आले तर ४ही निघतो आणि ९ही. मधला फरक पाच. चोर इथेही हजर होता.

गेल्या उन्हाळ्यात तिघांतल्या एकाच्या वडिलांची बदली झाली आणि तो आपल्या बाकीसकट अंबाल्याला गेला. उरलेल्या दोघांनी कपाट उघडलं, नव्या मुलीला सामील करून घेतलं, दुसरा अंक बदलून तिघांसाठी नव्या बाक्या काढल्या. कुलपाचा नंबर तोच राहिला. अंबाल्याच्या मुलाने फोन करून विचारलं, माझी बाकी मी कुणाला सांगू का? नवीन मुलीने त्याला सांगितलं, खुशाल सांग, आता ती कुठल्याच रेषेवर नाही.